देवलाचं नाव

कमलीबाईची प्रार्थना सगळ्या तांड्याला ऐकू जायची. मनातल्या मनात काही ठेवणं त्या बाईला जन्मात जमलं नव्हतं, मग देवाशी बोलतानाच तिचा आवाज कुठून खाली यायचा!

तिच्या अंगणात येशूच्या प्रार्थनेसाठी टिनाचं छप्पर होतं. रविवारी अनसिंगहून पास्टर यायचे, चार घरची माणसं जमायची. शेजारी राहणाऱ्या देवलाला हे खुपायचं. एका रविवारी त्याने पोरं गोळा केली, टिनं उपटली, ढोलक फोडलं. पास्टर म्हणाले, "छळणाऱ्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करा." सांगायला काय जातं! पण कमलीबाईने ते मनावर घेतलं. दोन घरांमध्ये नुसता पऱ्हाटीच्या, कापसाच्या वाळक्या काड्यांचा कूड. त्याला लागून बसून ती रोज पहाटे मोठमोठ्याने देवलाचं नाव घेऊ लागली.

महिना होतो न होतो, तोच देवला मोटारसायकलवरून पडला. मांडीचं हाड मोडलं. झालं! कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. म्हातारी रोज नाव घेते, करणीच केली, असं तांडाभर झालं. तांड्याचा प्रमुख असलेल्या नायकाने तिला देवलाच्या अंगणात बोलावलं. देवला बाजेवर पडलेला, बायको निता उशाशी.

नायक म्हणाला, "कमलीबाई, याचं नाव घेऊन काय म्हणतं तू? समद्याइसमोर म्हण. वाकडं निंघालं त तांडा सोडा लागीन."

तिचा मुलगा बादल कानाशी लागला, "माय, चांगलं चांगलंच म्हण."

कमलीबाईच्या तोंडचं पाणी पळालं. देवापुढे ती कुठे चांगलं चांगलंच बोलायची! पण प्रार्थनेत खोटं मिसळणं तिच्याच्याने होईना. तिने पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले.

"बापा, या देवलानं तुह्यं घर मोडलं. मले त्याचा लय राग येते. त्याच्या तोंडात माती घालावं वाटते. हा राग माह्यातून काढ, मले एकटीले नाही निंघत. त्याले माफ कर. त्याच्या लेकराइले सुखी ठेव. अन् आता त्याचा पाय बरा कर. आमेन."

"माती म्हणली, आयकलं का?" मागून कोणी ओरडलं. देवलाने तोंड फिरवलं. नायकाने हात वर करून ओरडणाऱ्याला थांबवलं. मग म्हणाला, "पाय बरा कर बी म्हणली थे. राह्य तांड्यात. पण आजपासून त्याचं नाव तोंडातून काढाचं नाही."

घर वाचलं. बादलला हायसं वाटलं. कमलीबाईला मात्र चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं. दुसऱ्या पहाटे ती ओठ मिटून कुडाशी बसली. मनात नाव घेतलं की नुसती उपटलेली टिनं दिसायची. मोठ्याने म्हटलं की राग निदान थोडा तरी बाहेर पडायचा, आज तो जागचा हलेना. मुकाट उठून ती चुलीकडे निघाली.

कुडापलीकडे बाज करकरली.

"काकी," देवलाचा आवाज आला, "आज माह्यं नाव काहून नाही घेतलं?"