पहिल्या नंबराची ढाल

तालुक्याच्या परीक्षेत दरवर्षी संदेश सरांच्याच शाळेचा पहिला नंबर यायचा आणि शेजारच्या गावात शिकवणाऱ्या राजेश्वरीबाईंच्या पोटात दुखायचं.

"त्यांच्याकडं कंपनीतल्या साहेबांची पोरं, शिकवण्या लावलेली. माझ्याकडं बांधकामावरच्या मजुरांची, मराठीही न येणारी. मग नंबर कुणाचा येणार?" बाई फणकारायच्या.

यंदा बाईंच्या गावातलं बांधकाम संपलं, नव्या घरांत साहेब राहायला आले आणि त्यांची पोरं बाईंच्या शाळेत. मजूर घोरावाडीकडं, सरांच्या गावात राहायला गेले आणि त्यांची पोरं सरांच्या शाळेत. बाईंचं शिकवणं तेच, खडू तोच. तरी पहिला नंबर बाईंच्या शाळेचा आला. सरांची शाळा पार तळाला गेली.

ढाल घेताना बाईंनी मुद्दाम सरांकडं पाहिलं. गेल्या वर्षी बाईंच्या वर्गात तोंडही न उघडलेली मजुराची गंगव्वा सरांचं बोट धरून घडाघडा मराठी बोलत होती.

ढाल छातीशी धरूनही बाईंच्या पोटात दुखायला लागलं, पहिल्यापेक्षा जास्त.