उजव्या अंगाचं चाक

"सायेब, तुमी ते सोडताय का आवळताय?" मनुबाईने विचारलं.

तळपदेसाहेबांनी आणखी एक घाव घातला. चौलच्या वेशीवर त्यांची जुनी, दोन माणसांची विलायती मोटार हवा गेलेल्या उजव्या चाकावर बसकण मारून उभी होती. चाकाच्या मधोमध दोन कानांचा एक मोठा नट होता आणि त्याच्या कानावर साहेब दगडाने घाव घालत होते. मडगार्डवर ठेवलेली त्यांची टोपी वाऱ्याने दोनदा खाचरात जाऊन आली होती. मनुबाई कोळीण पाटी उतरवून वडाखाली बसली होती. पाटीतले बांगडे नासले तरी चालतील, पण ही मजा सोडायची नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं.

तुळशीराम सुतार तिथे पोचला तो हा देखावा चालू असताना. खरं तर त्याला थांबायचं नव्हतं. नारळी-सुपारीच्या वाड्यांच्या विहिरींवरचे रहाट करण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. गेल्या दोन वर्षांत तीन वाड्यांवर तेलाची इंजिनं धडधडू लागली आणि रहाटांचं सरपण झालं. आता एक राऊतांची वाडी तेवढी उरली होती. राऊतांनी आज बोलावलं होतं. नवं चाक करायचं ठरलं तर हातातली मोगरी हातात राहणार होती, नाहीतर म्हातारपणी आढ्याकडे बघत बसायचं होतं. म्हणून तो सकाळीच अंगात धुतलेली बंडी घालून निघाला होता. पण समोर कोणी चाकाला असं बडवत असताना सुतार पुढे जाणार कसा?

"पेणला डावं चाक असंच सोडलं होतं," साहेब धापा टाकत म्हणाले. "याच दिशेने मारलं होतं."

"मंग हे उलटं सुटंल," तुळशीराम म्हणाला. "डाव्या पायाची व्हान उजव्या पायात जाती का?"

"तासभर आवळतोय त्यो," मनुबाईने वडाखालून कळवलं. "मी तवाच इचारलं व्हतं."

तुळशीरामने खांद्यावरची चिंचेच्या लाकडाची मोगरी काढली आणि नटाच्या दुसऱ्या कानावर घाव घातला. साहेबांनी तासभर खपून आवळलेला तो नट. पाच घावांना तो दाद देईना. सहाव्याला कुरकुरला आणि मग निमूटपणे फिरला. साहेबांनी जॅक लावून गाडी उचलली आणि तुळशीरामने चाक अलगद ओढून घेतलं. त्याच्या बारीक तारांवरून त्याने बोट फिरवलं. काम चोख होतं, करणारा कोणी का असेना.

"वाचवलंत बुवा," साहेबांचा जीव भांड्यात पडला. "राऊतांची वाडी गाठायचीय. विहिरीवर इंजिन बसवायचा विचार आहे त्यांचा. इथली तिन्ही मीच बसवली."

साहेबांनी काढून दिलेलं जादा चाक हातात धरून तुळशीराम तसाच उभा राहिला.

"तुळशीदादा," मनुबाई आता हसत नव्हती. "ठेव ते खाली. जाऊ दे त्याला चालत."

मनात आलं त्याच्या. खोटं कशाला बोला, चांगलं घोळून घोळून आलं. चाक ठेवायचीही गरज नव्हती. नट जरा ढिला ठेवला असता तरी गाडी राऊतांच्या बांधापर्यंत पोचली नसती. पण चाक काढलं की बसवल्याशिवाय हत्यार गोळा करायचं नाही, ही त्याच्या बापाची शिस्त होती आणि बापाने त्यात मोटारीचा अपवाद सांगून ठेवला नव्हता. तुळशीरामने चाक चढवलं, नट फिरवला, मोगरीचे चार घाव घातले. मग रागाच्या भरात आणखी एक घातला.

"तुम्ही कुठे निघालात?" साहेबांनी विचारलं.

"तिकडंच. राऊतांकडं."

"मग बसा की शेजारी."

अशा रीतीने तुळशीराम सुतार जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसला. त्याची मापाची काठी बाहेर डोकावत होती आणि मोगरी त्याने मांडीवर घट्ट धरली होती. मनुबाई तोंडाला पदर लावून बघत राहिली.

वाडीच्या बेड्यापाशी, फाटकातच, राऊत उभे होते. दोघांनाही त्यांनी एकाच दिवशी बोलावलं होतं खरं. सुताराला नाही म्हणायला आणि साहेबांना हो म्हणायला. पण ते दोघे एकाच गाडीतून येतील हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांनी एकदा साहेबांकडे पाहिलं, एकदा तुळशीरामकडे, आणि मग ते पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागले.

तुळशीरामला त्यांची कीव आली. "मला समजलं, शेट," तो म्हणाला. "बोला तुमी."

खाली उतरून त्याने आधी उजव्या चाकाचा नट हाताने चाचपून पाहिला. घट्ट होता. मग तो विहिरीकडे गेला. रहाटाचा एक दाता सैल होऊन डगडगत होता. तुळशीरामने मोगरीच्या दोन घावांत तो जागेवर बसवला. दुपारचं शिंपणं अजून व्हायचं होतं.