बाईंसाठी अडवलेली खुर्ची

ऐका बरं. दोन खोल्यांच्या एका घरात चार माणसं राहायची: एक घड्याळजी सासरे, एक फटकळ सासूबाई, एक शिंपी मुलगा आणि गाण्यांचं भाषांतर करणारी एक सून. पाचवी मी. मी खुर्ची बोलतेय, एका पायानं आखूड.

सुतारानं दुसऱ्याच कुणाचं दार केलं, त्यातून उरलेल्या लाकडाची मी. तीन पाय झाले आणि लाकूड संपत आलं. चौथ्याला पुरलं तेवढं पुरलं. सासऱ्यांनी मला दुकानात ठेवलं, गिऱ्हाइकांसाठी. "पाच मिनिटांत देतो," असं ते प्रत्येकाला सांगायचे, आणि माणसं माझ्यावर बसल्या बसल्या म्हातारी व्हायची. त्यामुळे वाट बघणं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. पुढे त्यांचे डोळे अधू झाले, दुकान बंद पडलं आणि मी घरच्या माळ्यावर गेले, बॅगांच्या ढिगाखाली.

एक दिवस भंगारवाल्याला द्यायला मला खाली काढलं, तर सून आडवी आली.

"ही मला हवीय. बाईंना बसायला."

"कोण बाई?" सासूबाईंनी विचारलं.

बाई म्हणजे एक तमिळ संतीण. तमिळ ही सुनेच्या माहेरची भाषा. देवालाच नवरा मानून या बाईनं शेकडो वर्षांपूर्वी गाणी केली, आणि सून ती मराठीत आणत होती. तिचं म्हणणं असं, की जिची गाणी घ्यायची तिला समोर बसवून विचारल्याशिवाय शब्द लावू नये. म्हणून टेबलापलीकडे मी, माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी, आणि माझ्यावर कुणीच नाही.

"का हो बाई," सून माझ्याकडे बघून विचारायची, "इथं त्याला लबाड म्हणताय की लाडका?"

"अगं, एवढ्या लांबून आल्यात आणि तू नुसत्या उलटतपासण्या घेतेस?" सासूबाई म्हणाल्या. "चहा तरी विचार."

मग रोज माझ्यासमोर कप येऊ लागला. तो सासरे गुपचूप पिऊन टाकायचे. "आज अर्धाच घेतला हो," सासूबाई हळहळायच्या, "बाईंना साखर कमी लागते वाटतं." मुलानं तर टेप लावून माझ्या पाठीचं माप घेतलं. "खांद्यात जरा रुंद आहेत," म्हणाला.

घरात दुसऱ्या खुर्च्या तीनच. सासरे पालथ्या बादलीवर बसून जेवायचे. एकदा त्यांनी माझ्याकडे आशेनं बघितलं, तर सासूबाई कडाडल्या, "खबरदार! देवाची बायको बसलीय तिथं. लाज नाही वाटत?"

मला मात्र रडू यायचं. खुर्चीवर कुणी बसत नसेल, तर तिनं कशाला चार पायांवर उभं राहायचं? सून गाणी म्हणायची. तो येत नाही, तो येत नाही, एवढंच त्या बाईचं दुखणं. मी मनात म्हणायची, बाई गं, माझंही तेच.

सगळी गाणी झाली, शेवटचं अडलं. त्यात बाई घर झाडते, देवासाठी आसन मांडते, वाट बघते आणि शेवटी म्हणते, 'आता तू उभा राहा.'

"स्वतःच बोलावलंत, आसनही मांडलंत," सून वैतागून मला विचारायची, "मग त्याला उभं का करताय?"

मी काय सांगणार? आणि तेवढ्यात घरमालक जिना चढून आले.

"चौघांना जागा दिली होती मी. पाचवी बाई राहते म्हणे."

"अहो, त्या वारून शेकडो वर्षं झाली," सासरे म्हणाले.

"मग जिवंत माणसांची जागा कशाला अडवतात? महिनाअखेरीला त्या तरी जातील, नाहीतर तुम्ही सगळे."

एवढं दरडावून झाल्यावर माझ्यापुढे वाकून त्यांनी हळूच आपल्या गुडघेदुखीवर इलाजही विचारला.

"गाणं पुरं झाल्याशिवाय मी बाईंना उठवणार नाही," सून म्हणाली.

"म्हणजे आपण उठायचं?" मुलगा म्हणाला.

सून पुन्हा गाण्याच्या कागदांवर वाकली. मला काही तिनं उचललं नाही.

महिनाअखेर आली. सासूबाई सकाळपासून भांडी बांधत होत्या. बादलीसुद्धा बांधली गेली. उन्हं कलली तरी मालकांचा पत्ता नाही. अखेर ते धापा टाकत आले आणि दारातूनच ओरडले, "गेल्या का बाई?"

सासूबाईंच्या कडेवर बोचकं होतं. ते ठेवायला तसूभर जागा नव्हती.

"सकाळपासून तुमची वाट बघतेय मी! या, आणि एकदाचं काय ते सांगा. म्हाताऱ्या माणसानं उभं राहायचं तरी किती?" आणि धपकन माझ्यावर बसल्या. "ही बसले मी! आता तुम्ही राहा उभे!"

काय सांगू तुम्हाला! पुठ्ठा सटकला, मी करकरले, डुगडुगले, पण पडले नाही. इतक्या वर्षांनी अंगावर माणूस आलं होतं, तेही बोचक्यासकट.

"कळलं!" सून किंचाळली. "वाट बघून बघून ती त्याच्याच आसनावर बसली! रुसून! म्हणून तो उभा!" आणि तिनं तिथल्या तिथे, सासूबाईंच्या बोचक्यावर कागद ठेवून ओळ लिहिली.

मालकांनी माणसं मोजली. चारच भरली.

"म्हणजे त्या गेल्या?"

"माझ्याखाली कुणी दिसतंय का?"

मालकांचा चेहरा पडला. "मला न भेटता? माझ्या गुडघ्याचं काही बोलल्या का हो?"

"जिने चढू नका म्हणाल्या," सासूबाईंनी पापणी न हलवता सांगितलं.

तेव्हापासून मालक वर आलेले नाहीत. खालूनच हाक मारतात. बाई परत आल्या तर त्यांना जागेची अडचण नको, म्हणून मागची बंद खोलीही त्यांनी उघडून दिली. भाडं विचारलं तर म्हणाले, "तिथं कुणी राहतच नाही, तर भाडं कसलं?"

आता पुस्तक छापून आलंय. मागच्या खोलीत सुनेचं टेबल आहे, सासऱ्यांना बादलीवरून बढती मिळालीय आणि माझ्यावर रोज दुपारी सासूबाई बसतात. तुमच्याही घरी कुणासाठी अडवून ठेवलेली खुर्ची असेल, तर बसा हो तिच्यावर. यायचं असेल तो येईल आणि राहील उभा.

परवा सुनेनं दुसऱ्या गाण्यांची पानं काढली. "का हो बाई," तिनं सवयीनं माझ्याकडे बघून विचारलं, "लबाड, की लाडका?"

"दोन्ही लिही," सासूबाई चहाचा घोट घेत म्हणाल्या. "नवराच आहे ना तो?"