देवाचं उरलेलं गंध

सोमवारी पहाटे हेमाताईंनी पोलकं काढायला घेतलं, तर ते डाव्या अंगाला चिकटलेलं. हलकेच ओढलं, तशी कापडाबरोबर सालही आली. स्तनाखालच्या घडीत लालभडक, ओलं. आजार फुटून बाहेर आला की काय?

गाठ काढून झाली होती. आता सोमवार ते शुक्रवार किरणं घ्यायची. कातडी आधी लालसर झाली, मग कढईच्या बुडासारखी काळवंडली. आमच्या मलमाशिवाय काही लावायचं नाही, असं दवाखान्यात बजावलेलं. हेमाताईंनी खोबरेल लावलं नाही की कोकमतेल. पण रोज गणपतीसाठी चंदन उगाळायचं आणि देवाला लावून सहाणेवर उरेल ते तिथे लावायचं, हे काही चुकवलं नव्हतं. ते काय औषध थोडंच? प्रसाद तो!

"आई, आवरलंत का? गाडी आलीय," सून भार्गवी दाराबाहेरून म्हणाली.

"आले गो."

गाडी हातखंब्याच्या नाक्यावर आली तरी हातातल्या माळेवरचा जप पुढे सरकेना. सांगितलं तर किरणं थांबवतील, आणि थांबवली तर आतलं उरलंसुरलं पुन्हा डोकं वर काढेल. त्याहून वाईट विचार वेगळाच होता. देवाच्या गंधानंच पोळलं असेल, तर मी देवालाही नकोशी झाले का?

"आई, मघापासून एकाच मण्यावर आहात. बाप्पाला ताटकळत ठेवलंत की काय?"

हेमाताई हसल्या नाहीत. "मी गंध लावत होते गो. तिथे."

"रोज?"

"रोज. आज साल निघाली. दवाखान्यात सांगू नको, किरणं थांबवतील."

भार्गवीने त्यांचा गार हात घट्ट धरला. "सांगायचं, आई."

दवाखान्यात डॉक्टरीणबाई वाकून जखम बघत होत्या आणि हेमाताई त्यांच्या भुवया बघत होत्या.

"हा आजार नव्हे. किरणांनी कातडी अशी सोलवटते, घडीत जास्तच."

"आणि गंध?"

"ते वाळलं की कातडीला ओढ बसते, जखम चिघळते. बंद. आज किरणं देऊ, पण रोज बघून ठरवू. ताप आला, पू दिसला तर तेव्हाच सांगायचं. लपवायचं नाही."

रोज बघून ठरवू! म्हणजे उद्याचं काही खरं नाही. हात डोक्यावर घेऊन हेमाताई टेबलावर पडल्या. यंत्राची घरघर सुरू झाली, त्या सोललेल्या जागेवरच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी देवापुरतंच चंदन उगाळलं. तरी थोडं उरलंच. सवयीने बोट छातीकडे गेलं आणि थबकलं. काल दवाखान्यात बांधलेल्या पट्टीखाली ठणकत होतं.

"रागावू नको रे बाबा," असं पुटपुटत त्यांनी ते कपाळाला लावलं. ओलं गंध भुवईपर्यंत ओघळलं.