साका खाली बसेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना जेझवा आहे. जेझवा म्हणजे कॉफी उकळायचे, लांब दांड्याचे तांब्याचे भांडे. सारायेवोच्या बाजारात हासिब तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. त्या माराबद्दल माझी तक्रार नाही. पुढे जे पाहावे लागले, त्यापुढे तो मार काहीच नव्हता.

नफियाने मला घेतले ते घरासाठी नव्हे, कारखान्यासाठी. विसोको गावात बुटांचे चामडे शिवणाऱ्या आठ बायकांत ती सर्वांत थोरली. रोज दहा वाजता यंत्रे थांबत आणि मी शेगडीवर चढे. बिनकानाच्या लहान पेल्यांत ती आधी फेस वाटून देई, मग काठोकाठ कॉफी ओती. पेल्यातला साका, म्हणजे कॉफीचा गाळ, खाली बसेपर्यंत कोणी बोलायचे नाही, असा तिचा दंडकच होता.

"यंत्राची बडबड दिवसभर ऐकता ना? आता तुमचं अंग काय म्हणतंय ते ऐका," ती म्हणे.

एकदा सगळ्या अशा गप्प असताना सेनिहाच्या पेल्यातली कॉफी मांडीवर सांडली.

"हात का गं कापतोय?" नफियाने विचारले.

"काही नाही मावशी, झोप नाही झाली."

"झोप गेली खड्ड्यात. आजच डॉक्टरकडे चल, मी येते."

आजार वेळेवर सापडला, सेनिहा बरी झाली. जेझव्यानेच तिला वाचवले, असे बायका म्हणू लागल्या. खोटे कशाला सांगू, मी तेव्हा फार फुशारलो.

मग दामिर हा नवा व्यवस्थापक आला. माणूस वाईट नव्हता. बायकांचे मन शांत राहावे म्हणून त्याने शुक्रवारी तासभराचा वर्ग सुरू केला. डोळे मिटायचे आणि ध्वनिफितीवरच्या लाटा ऐकायच्या. तो तास भरून काढायला मात्र दहाची कॉफी बंद झाली. कोपऱ्यात बटण दाबले की कॉफी देणारे यंत्र आले. झाकण लावलेले कागदी पेले घ्यायचे आणि शिवता शिवता प्यायचे.

"मावशी, तुमच्याच भल्याचं आहे हे. डोळे मिटून शांत बसायचं, बस्स!"

"अरे बाळा, आम्ही डोळे उघडे ठेवून शांत बसायचो," नफिया म्हणाली. पण तिने हट्ट धरला नाही. निवृत्तीला दोनच वर्षे उरली होती. कशाला वाकड्यात शिरा, असे तिला वाटले. मला तिने फडताळात ठेवून दिले.

नफियाच्या शेजारच्या यंत्रावर शेम्सा बसे, तिची तीस वर्षांपासूनची मैत्रीण. फडताळाच्या फटीतून मला तिचा हात दिसे. तो कापत होता. पण पेल्याला झाकण होते, थेंबही सांडत नव्हता. बाकीच्यांच्या माना शिवणीवर वाकलेल्या, आणि शुक्रवारी तर सगळ्यांचेच डोळे मिटलेले. मी आतल्या आत तडफडत होतो.

अकराव्या आठवड्यात शेम्सा यंत्रावरच कोसळली. ती पुन्हा उठली नाही. हृदय कित्येक दिवस इशारे देत असणार, असे डॉक्टर म्हणाले.

माती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, दहाच्या ठोक्याला, नफियाने आपले यंत्र बंद केले आणि मला बाहेर काढले. दामिर लगबगीने आला.

"मावशी, अहो कामाची वेळ..."

"बस इथं. आणि तोंड मीट."

तो बसला. साका केव्हाच खाली बसला, तरी कोणी बोलेना. शेवटी नफियाच म्हणाली, "हातभर अंतरावर बसायची रे ती. अकरा आठवडे मी तिच्याकडे पाहिलंच नाही." आणि ती ओक्साबोक्शी रडली.

आता दहाची कॉफी पुन्हा सुरू झाली आहे. मला घासून लख्ख ठेवतात, पण त्या लखलखाटाचे मला सुख नाही. मित्रांनो, तुमचे काम कितीही मोठे असो, दिवसातून एकदा ते खाली ठेवा. आपल्या श्वासाकडे पाहा आणि मग शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहा. काही वावगे दिसले, तर लगेच विचारा. मी शेम्साचा हात रोज पाहत होतो, पण मला वाचा नव्हती. तुम्हाला आहे.