इसाकूचं नाव कोरलेली फळी

मी चित्रं छापायची, चेरीच्या लाकडाची फळी बोलतेय. माझ्या अंगावर एक तळं कोरलंय, काठाला बर्फानं वाकलेली झाडं आहेत आणि दोन जखमा, एक कोपऱ्यात, एक तळ्यावर आडवी. त्या भरलेल्या नाहीत. मला भरून घ्यायच्याही नाहीत.

चित्र येदो शहरातल्या इसाकूचं. ऐन थंडीत तो सुवाच्या तळ्याकाठी जाऊन बसायचा. शाई गोठू नये म्हणून कुपी काखेत धरायचा. तळं घेऊन घरी आला तो खोकला घेऊनच.

मला कोरलं त्याच्या बायकोनं, ओशिनोनं. वडिलांकडून तिनं पटाशी हातात घेतली होती. इसाकू अंथरुणातून बघायचा.

"तळ्यावरची बारीक रेघ तुटेल हं!"

"तुटली तर तुम्हीच जा परत थंडीत!"

तो हसायचा आणि हसण्याचा खोकला व्हायचा. माझा पहिला छाप त्याच्या हातात ओलाच होता. वसंत यायच्या आत तो गेला.

प्रकाशक मागोबेई सांत्वनाला आला, रडलासुद्धा. मग डोळे पुसून म्हणाला, "ओशिनो, मेलेल्या माणसाची नवी चित्रं मी कुठून आणू? कोपऱ्यातलं हे त्याचं नाव काढ. आमच्या जावयाचं घाल, रांश्यूचं. तोही चित्रं काढतो."

"चित्र त्यांचं आहे, मालक."

"फळी माझी आहे."

मला वाटलं, आता ही त्याला हाकलून देईल. तिनं पटाशी उचलली आणि नवऱ्याचं नाव माझ्या अंगातून खरवडून काढलं. त्या दिवशी मी तिचा जेवढा द्वेष केला, तेवढा कुणाचा केला नाही. खड्ड्यात तिनं रांश्यूच्या नावाचा लाकडी तुकडा ठोकून बसवला. मागोबेईनं बोट फिरवून पाहिलं. "व्वा! सांधा कळतसुद्धा नाही."

तुकडा ओल्या लाकडाचा होता, हे मला आतून कळलं. वाळला की तो आक्रसणार होता. तेव्हा कुठं ओशिनो मला कळली.

मग चित्राच्या कौतुकाचा सोहळा झाला. दुकानात बडी मंडळी, भाजलेले मासे, साकेची दारू. रांश्यू नव्या रेशमी झग्यात. कारागिरानं माझ्यावर शाई फासली, कागद ठेवला, घासला, उचलला. कागदाला चिकटून तुकडा वर आला आणि टक्कन खाली पडला. घासताना तो हलला होता, म्हणून कागदावर नावाच्या जागी नुसता काळा डाग!

"अहो मागोबेई, चित्रकार कुठं पळाला?" एका म्हाताऱ्या पाहुण्यानं विचारलं. मंडळी खो खो हसली.

साके वाढणारी ओशिनो म्हणाली, "परक्या घरात करमलं नसेल त्याला." मग भांडं खाली ठेवून म्हणाली, "तळं इसाकूचं आहे. याच्यापायी माझा माणूस गेला."

"काय जावईबापू?" म्हाताऱ्यानं विचारलं.

रांश्यूची मान खाली गेली. "मी सुवाला कधी गेलोच नाही."

हसणं थांबलं. मागोबेईचा चेहरा मी डोळे भरून पाहिला. तसं सुख मला झाड असतानाही मिळालं नव्हतं.

बातमी गावभर झाली. जो तो इसाकूचं तळं मागू लागला. मागोबेई मला स्वतः उचलून ओशिनोकडे आला, चटईला कपाळ टेकवलं. "वहिनी, चुकलो. त्याचं नाव परत बसव. सगळ्या येदोला त्याचं चित्र हवंय."

"ठेवा इथं," ती म्हणाली.

तिनं मला मांडीवर घेतलं, रुंद पटाशी तळ्यावर टेकवली आणि या काठापासून त्या काठापर्यंत ओढली. इसाकूची बारीक रेघही त्यात गेली. दुखलं. पण मीही मनात म्हणत होते, ओढ बाई, थांबू नकोस.

मागोबेई किंचाळला. तो गेल्यावर ती माझ्यावर डोकं ठेवून रडली.

आता मी तिच्या खोलीत भिंतीला टेकून असते. मागोबेई म्हातारा झालाय. तरी काठी टेकत येतो, खाच बुजवता येईल का म्हणून चाचपतो आणि दर वेळी बोटात माझं कुसळ घेऊन जातो.

शेजारणी म्हणतात, कशाला ठेवलंस हे मोडकं, सरपणात घाल. बायांनो, एवढी घाई करू नका. मागोबेई अजून जिवंत आहे.