शेजारची सीट

"मास्तर, चौदाची घ्या. डोळे मिटून घ्या," दलाल म्हणाला. "दोन हजार चौदाच्या मॉडेलला गिअर हातात आहे. सोळापासून कंपनीनं क्लचच काढून टाकला, गिअर आपले आपण पडतात. तुमच्यासारख्या माणसाला ते शोभतं का?"

मास्तर हसले. दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. दोन्ही लाल, दोन दारांच्या, जमिनीला पोट टेकल्यासारख्या बुटक्या. मास्तरांची नजर मात्र चौदाच्या गाडीतल्या डाव्या पेडलवर, क्लचवर, खिळली होती.

मास्तर म्हणजे गाडी चालवायला शिकवणारे मास्तर. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, हा दलालही त्यातलाच. 'क्लच हळू सोडा, तो कुठं पळून जात नाही' हे त्यांचं वाक्य लोक चारचौघांत नक्कल करून म्हणत. ते स्वतः मात्र कायम शेजारच्या सीटवर, आपल्या बाजूला बसवलेल्या जादा क्लच-ब्रेकवर पाय ठेवून. सगळी हयात दुसऱ्या गिअरमध्ये गेली. काम थांबवलं की एक वेगवान गाडी घेणार, हे त्यांनी भेटेल त्याला इतकं सांगून ठेवलं होतं, की आता नाही घेतली तर लोकांनी कारण विचारलं असतं. ते कारण सांगायचीच त्यांना भीती वाटत होती.

मागे एकदा शिकणारी एक बाई चौकात गडबडली. मास्तरांनी नेहमीसारखे दोन्ही पाय दाबले. उजवा बसला. डावा पेडलवरून घसरला, आणि तो घसरलाय हे त्यांना खाली पाहिल्यावर कळलं. समोरचा सायकलवाला थोडक्यात वाचला. त्यानंतर लवकरच मास्तरांनी "आता पुरे, कंटाळा आला" म्हणून क्लास बंद केला. थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं. आधी पाय जड झाला, मग हातात काठी आली, मग खाट. डॉक्टरकडे जायची मास्तरांची छाती होत नव्हती. कोणी काही सांगितलं नाही, तोवर काही झालेलंच नाही, असं ते स्वतःला समजावत होते.

"एक चक्कर तर मारून या. काकूंनाही न्या," दलालानं चौदाच्या गाडीची चावी पुढे केली.

बायको मुकाट्यानं शेजारी बसली. ती गाडीला भयंकर घाबरायची. मास्तरांनी तरुणपणी किती वेळा शिकवतो म्हटलं, तिनं कानांवर हात ठेवले. मास्तर आत बसताना त्यांच्या डाव्या पायातल्या सँडलचा पट्टा दाराला अडकला. सँडल नवे होते. सकाळी दाराशी चपलांच्या जागी तेच ठेवलेले दिसले. "झिजल्या होत्या, टाकल्या," एवढंच ती म्हणाली होती.

क्लच कडक निघाला. मास्तरांनी गुडघ्यावर हात ठेवून, कोणाला दिसणार नाही असं, पायाला जोर दिला. रस्ता रिकामा होता तोवर निभावलं. सिग्नलला मात्र थांबावं लागलं. पुढून एक माणूस बाबागाडी ढकलत रस्ता ओलांडत होता. पाय थरथरायला लागला. थोडंच राहिलंय, मास्तर मनात म्हणाले, आणि तेवढ्यात पाय सुटला.

गाडीनं पुढे उसळी मारली. गचका देऊन ती थांबली तेव्हा बायकोनं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढून धरला होता. तो माणूस शिव्या देत निघून गेला.

"तुला कसं कळलं?" मास्तरांनी विचारलं.

"जन्मभर जेवताना दुसरं काय ऐकलं?"

"जुना क्लच आहे. घसरतो."

"हो," ती म्हणाली.

मास्तर गाडी सावकाश परत घेऊन आले. दलाल वाटच पाहत होता. "काय मास्तर, चौदाचीच ना?"

सोळाची म्हटलं की तो का म्हणून विचारणार. चौदाची म्हटलं, तर ती बाबागाडी डोळ्यांपुढून जाईना.

"सोळाची," बायको म्हणाली.

"काकू, अहो..."

"मला शिकायचीय. सगळ्या गावाला शिकवलं, घरचीच राहिले. क्लचबिच या वयात मला नाही जमायचं."

"गेली मास्तर, तुमची गाडी गेली!" दलाल टाळी देत हसला. मास्तरही हसले.

"काकू, मग मागच्या मोकळ्या जागेत आत्ताच हात बसवून घ्या," असं म्हणत त्यानं सोळाच्या गाडीची चावी तिच्या हातात ठेवली.

ती चालवायला बसली. स्टिअरिंग तिनं इतकं घट्ट धरलं की बोटं पांढरी पडली. मास्तर आपल्या नेहमीच्या जागी, शेजारच्या सीटवर.

"चपला झिजल्या नव्हत्या," ती समोर पाहत म्हणाली. "डावी तुमच्या पायातून निसटायची. तुम्ही तशीच मागे टाकून पुढे जायचात. रोज मी उचलून ठेवायचे."

मास्तरांनी वाकून सँडलचा पट्टा चाचपला.

"डॉक्टरकडे मी नेणार. आधी ही सरळ चालवायला शिकवा."

"ब्रेकवरचा पाय हळू सोड," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचाच होता, फक्त जरा बारीक.

गाडी सरकली. समोरची भिंत जवळ येऊ लागली, तसे मास्तरांचे दोन्ही पाय आपोआप पुढे गेले आणि पायाखालची मॅट दाबू लागले.

"अहो, पाय मागे घ्या. तिथं काही नाहीये."

"माहितीये," मास्तर म्हणाले, आणि दाबतच राहिले.